हा पक्षी कोणता? : छायाचित्रामागील तीन प्रश्न

आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी अलीकडे भेटले, की ख्यालीखुशाली विचारून होते न होते तोच खिशातून मोबाईल निघतो. बोटाने चार-दोन छायाचित्रे मागे सरकतात आणि एखादा पक्षी समोर येतो. “सर, हा पक्षी कोणता?” कोणी तो मूर्तिजापूरकडील शेताच्या धुऱ्यावर टिपलेला असतो, कोणी पोहऱ्याच्या जंगलातील रस्त्यावर, तर नोकरीनिमित्त दूर गेलेल्या एखाद्याने थेट मुंबईच्या खाडीकाठी. शाळेच्या निसर्ग मंडळाचे काम पाहणारे आम्ही शिक्षक या प्रश्नाचे उत्तर लगेच देत नाही. आमच्याकडून आधी तीन प्रश्न जातात : कुठे दिसला? केव्हा दिसला? आणि तो काय करीत होता?

पुष्कळांना ही मास्तरकीची जुनी सवय वाटते. पक्षी समोर दिसतो आहे, रंग दिसतो आहे, मग गाव आणि तारीख कशाला? या स्मरणिकेच्या निमित्ताने त्या ‘कशाला’चे उत्तर सविस्तर द्यावे, असे ठरवले आहे. पक्ष्यांचे छायाचित्रण हा आनंदाचा छंद आहे, यात शंका नाही. परंतु छायाचित्रासोबत ठिकाण आणि दिनांक प्रामाणिकपणे नोंदलेले असले, की तोच छंद ज्ञानाचे साधन होतो. ही नोंद खोटी असली तर काय घडते, याचे जगभर गाजलेले एक उदाहरण आपल्या महाराष्ट्रातील पक्ष्याचेच आहे. त्याकडे पुढे येऊ.

आपली भूमी आणि तिचे पक्षी

अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांत पक्ष्यांच्या दृष्टीने तीन निराळ्या भूमी शेजारी शेजारी नांदतात. उत्तरेला सातपुड्याची गाविलगड रांग व तिच्या कुशीतील मेळघाट आहे. सागाचे आणि सालईचे हे अरण्य १९७४ साली व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित झाले. अकोट तालुक्यातील नरनाळ्याचा परिसरही याच अरण्याशी जोडलेला आहे. मध्ये पूर्णा नदीचे काळ्या मातीचे सपाट खोरे. त्याचा मोठा भाग म्हणजे आपला खारपाणपट्टा. दक्षिणेला पातूर, बार्शीटाकळीकडील डोंगर, गवताळ माळ आणि काटेपूर्णेचा जलाशय. तेथील अभयारण्य १९८८ सालचे आहे.

मेळघाटात रानपिंगळा, सुतार आणि गरुड यांचे राज्य. पूर्णेच्या खोऱ्यात कपाशी-तुरीच्या शेतांवरील तारांवर कोतवाल आणि नीलकंठ बसलेले, बाभळीच्या शेंड्यावर कापशी घार, नांगरटीत गायबगळे आणि टिटव्या. दक्षिणेच्या माळांवर चंडोल, माळटिटवी आणि नशीब असेल तर पावसाळ्यात तणमोर. पाण्याचे पक्षी पाहण्यासाठी तर फार दूर जाण्याचेही कारण नाही. अमरावतीचे वडाळी तलाव व छत्री तलाव, मालखेडचा तलाव, मोर्शीजवळील अप्पर वर्धा धरण, अकोल्याजवळील कापशी तलाव ही ठिकाणे एस.टी.ने किंवा सायकलने गाठता येतात.

म्हणूनच आमचा पहिला प्रश्न ‘कुठे’ असा असतो. तलावाकाठचा पक्षी आणि माळावरचा पक्षी रंगाने सारखे दिसले, तरी जागेवरूनच निम्मी ओळख पटते. दुसरा प्रश्न ‘केव्हा’. कारण आपल्याकडचे अनेक पक्षी पाहुणे आहेत. भोरड्यांचे थवे पावसाळा सरता सरता मध्य आशियातून येतात, हिवाळाभर ज्वारीच्या कणसांवर आणि नाकतोड्यांवर ताव मारतात आणि पळस फुलून गेल्यावर परत फिरतात. चक्रवाक, थापट्या, तलवार बदक हे हिवाळ्याचे पाहुणे. पट्टकादंब हंस तर हिमालय ओलांडून येतो. मे महिन्यात कोणी पट्टकादंब पाहिल्याचे सांगितले, तर आम्ही आधी त्याच्या डोळ्यांकडे पाहतो, मग छायाचित्राकडे!

ओळख पटवावी कशी?

नवशिक्याची नजर आधी रंगावर जाते आणि तेथेच तो फसतो. सकाळच्या तिरप्या उन्हात, दुपारच्या झगझगाटात आणि संध्याकाळी एकाच पक्ष्याचे तीन रंग दिसतात. म्हणून सुरुवात आकारापासून करावी. चिमणी, साळुंकी, कावळा आणि घार ही आपली चार मापे. समोरचा पक्षी चिमणीएवढा, की साळुंकीपेक्षा मोठा पण कावळ्याहून लहान, हे आधी ठरवावे. मग चोच पाहावी. दाणे फोडणाराची चोच आखूड व जाड, मांस फाडणाराची बाकदार, चिखल चाचपणाराची लांब. त्यानंतर शेपूट, पायांचा रंग, चालण्याची तऱ्हा, उडण्याची लय आणि शेवटी आवाज.

बगळ्यांचेच पाहा. पांढरा दिसला की आपण ‘बगळा’ म्हणून मोकळे होतो. गुरांच्या मागे फिरणाऱ्या गायबगळ्याची चोच पिवळी असते आणि विणीच्या काळात त्याच्या डोक्या-मानेवर केशरी झाक येते. छोट्या बगळ्याची चोच व पाय काळे, पण पावले पिवळी, जणू पिवळे मोजे घातले आहेत. मध्यम आणि मोठा बगळा यांत खरी कसोटी लागते. जिवणीची रेषा डोळ्याच्या खालीच थांबली तर तो मध्यम बगळा. ती डोळ्याच्याही मागे गेली तर मोठा. ही रेषा चालत्या पक्ष्याच्या तोंडावर दिसणे कठीण असते. येथे छायाचित्र उपयोगी पडते. घरी येऊन ते मोठे करून पाहता येते.

दुसरे उदाहरण पावशाचे. मृगाच्या आधी ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ अशी साद घालणारा हा पक्षी शेतकऱ्याला आवाजाने पक्का ठाऊक असतो. पण तोच गप्प बसून दिसला, तर दहापैकी आठ जण त्याला शिक्रा म्हणतात. राखी पाठ, शेपटीवर आडवे पट्टे, उडण्याची लकबसुद्धा शिक्र्यासारखीच. लहान पक्षीदेखील फसतात आणि त्याला पाहून कलकलाट करतात. मात्र शिक्र्याची चोच आकड्यासारखी वाकडी, पाय दणकट आणि नख्या शिकाऱ्याच्या. पावशाची चोच बारीक, डोळ्याभोवती पिवळे कडे आणि पाय अगदी साधे. पावशा सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतो आणि पिलू वाढवण्याचे काम सातभाईंवर सोपवतो. म्हणून सातभाईंचा थवा आपल्याहून मोठ्या, वेगळ्या रूपाच्या पिलाला भरवताना दिसला, तर आमच्या तिसऱ्या प्रश्नाचे महत्त्व ध्यानात येते : पक्षी काय करीत होता?

लोकांनी दिलेल्या नावांतही ओळखीच्या खुणा दडलेल्या आहेत. हळदीकुंकू बदकाच्या चोचीच्या टोकाला पिवळा आणि मुळाशी लाल ठिपका असतो. लांब काटकुळ्या लाल पायांचा तो शेकाट्या. फुटलेल्या बोंडासारखी पांढरीशुभ्र दिसणारी ती कापशी घार. वनखात्यात आयुष्य घालवलेल्या मारुती चितमपल्ली यांनी अशी नावे जिद्दीने जमवून ‘पक्षिकोश’ सिद्ध केला. आमची विद्यार्थ्यांना सूचना असते, की आजोबा, शेजारचा गुराखी, मेळघाटातील कोरकू मित्र या पक्ष्याला काय म्हणतात, तेही वहीत लिहावे. ग्रंथातील नाव नंतर शोधता येते. बोलीतील नाव मात्र सांगणारा माणूस गेला, की त्याच्याबरोबरच जाते.

कॅमेरा : थोडे साधनांविषयी

छंदाला लागणारे पहिले साधन कॅमेरा नव्हे. ते वही आणि दुर्बीण. दुर्बिणीवर ८ × ४२ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ वस्तू आठपट जवळ दिसते आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर आहे. पक्ष्यांसाठी हे माप सोयीचे. दहापटीहून अधिक जवळ आणणारी दुर्बीण हातात स्थिर राहत नाही आणि पक्ष्याऐवजी आपल्या हाताचा कंपच दिसत राहतो.

कॅमेऱ्याच्या बाबतीत महागड्या लेन्सचा मोह टाळावा. बदलत्या भिंगांचा कॅमेरा आणि ३०० मिलिमीटर किंवा त्याहून लांब लेन्स असेल, तर उत्तमच. परंतु लांबचे टिपणारा, एकाच भिंगाचा झूम कॅमेरासुद्धा ओळखीपुरते छायाचित्र चांगले देतो. पक्षी बसलेला असेल तर शटरचा वेग सेकंदाचा १/५०० तरी असावा. उडत्या पक्ष्यासाठी १/२००० पर्यंत जावे लागते. नेम नेहमी डोळ्यावर धरावा. पंख धूसर चालतील, डोळा धूसर झाला की चित्र मेले. सूर्य आपल्या पाठीशी ठेवावा. शक्य तेव्हा खाली बसून पक्ष्याच्या उंचीवरून टिपावे.

पांढरा पक्षी आणि काळा पक्षी कॅमेऱ्याला चकवतात. काळ्या चिखलात उभा असलेला बगळा टिपताना कॅमेरा सगळे दृश्य उजळ करू पाहतो आणि बगळ्याच्या पिसांचा तपशील जळून जातो. तेव्हा उजेडाची मात्रा मुद्दाम कमी करावी. उलट, उजळ आभाळापुढे बसलेला कोतवाल नुसता काळा डाग दिसतो. तेथे मात्रा वाढवावी. आपल्या वऱ्हाडातील आणखी एक अडचण म्हणजे ऊन. चैत्र-वैशाखात सकाळचे नऊ-दहा वाजले, की जमिनीवरून उष्ण हवेच्या लहरी उठू लागतात आणि दूरचा पक्षी पाण्यात पाहावा तसा थरथरताना दिसतो. कितीही किमती लेन्स असली, तरी ही थरथर जात नाही. त्यावर उपाय एकच, पहाटे उठणे. वसतिगृहाची पहाटेची घंटा ज्यांनी वर्षानुवर्षे ऐकली, त्यांना हे सांगण्याची गरज नसावी.

एका खोट्या चिठ्ठीची कथा

आता त्या उदाहरणाकडे वळू. आपल्या गावातील जुन्या वडा-पिंपळाच्या ढोलीत राहणारा पिंगळा सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याचाच अरण्यातील दुर्मिळ भाऊबंद म्हणजे रानपिंगळा. १८७२ साली ब्लेविट यांना तो आजच्या छत्तीसगडमध्ये मिळाला आणि पुढल्या वर्षी ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. काँग्रेसच्या स्थापनेशी ज्यांचे नाव जोडलेले आहे, तेच हे ह्यूम. त्यानंतर खानदेशातील अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी शहादा-तळोदा भागातून काही नमुने गोळा केले. त्यांतील अखेरचा १८८४ सालचा. पुढे हा पक्षी जणू नाहीसा झाला. सलीम अलींसारख्या पक्षितज्ज्ञालाही तो सापडला नाही. मधल्या काळात रानपिंगळ्याचे म्हणून पुढे आलेले छायाचित्र तपासाअंती साध्या पिंगळ्याचे ठरले.

या शोधात सर्वांना चकवणारा एक नमुना होता. ब्रिटिश सैन्यातील कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांनी हा पक्षी १९१४ साली गुजरातेत तापीकाठच्या मांडवी येथे मिळवल्याची चिठ्ठी त्याच्या पायाला बांधलेली होती. कर्नलसाहेबांचा लौकिक मोठा, संग्रह विशाल. शंका कोण घेणार? त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून लोकांनी मांडवीकडे शोध घेतला आणि ते रिकाम्या हाताने परतले.

अमेरिकन संशोधिका पामेला रासमुसेन यांनी मात्र संग्रहालयातील नमुने एकेक करून बारकाईने तपासले. कर्नलांचा तो रानपिंगळा प्रत्यक्षात डेव्हिडसन यांच्या नमुन्यांपैकीच एक होता. तो संग्रहालयातून चोरलेला, पुन्हा नव्याने भरलेला आणि खोट्या चिठ्ठीने सजवलेला होता. ही फसवणूक ध्यानात आल्यावर त्यांनी मांडवीचे नाव यादीतून काढले आणि जुन्या, विश्वासार्ह नोंदींच्या ठिकाणी शोध घेण्याचे ठरवले. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे शहाद्याजवळच्या जंगलात पोहोचले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी, सकाळच्या उजेडात, एका निष्पर्ण झाडावर रानपिंगळा बसलेला होता. ११३ वर्षांनंतर! त्यांनी त्याचे चित्रण केले आणि जगाची खात्री पटली. पुढील सर्वेक्षणांत तो आपल्या मेळघाटातही आढळला. आज या पक्ष्याच्या मोजक्या आश्रयस्थानांत मेळघाटाचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते.

या कथेत दोन धडे आहेत. पहिला ओळखीचा. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात आणि पोटावरही ठिपक्यांच्या ओळी असतात. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ बिनठिपक्याचे, छातीवर गडद तपकिरी पट्टा, पोट स्वच्छ पांढरे, शेपटीवर रुंद पट्टे आणि नख्या शरीराच्या मानाने दांडग्या. शिवाय तो दिवसाउजेडी वावरतो. एवढ्या खुणा स्पष्ट दिसणारे छायाचित्र पुराव्याचे काम करते.

दुसरा धडा अधिक खोल आहे. हजारो मैल दूर, काचेच्या कपाटात पडलेल्या एका चिठ्ठीवरील खोटे गाव आणि खोटे वर्ष कितीतरी दशके अभ्यासकांना चुकीच्या अरण्यात फिरवत राहिले. ज्या पक्ष्याचा ठावठिकाणा कळत नाही, त्याचे रक्षण कसे होणार? तिकडे खऱ्या ठिकाणचे जंगल तुटत होते. तथागतांनी कालामांना दिलेला उपदेश आपण शाळेत परिपाठाला अनेकदा ऐकला आहे. केवळ परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा थोर आहे म्हणून काही स्वीकारू नये. रासमुसेन यांनी थोर नावापुढे मान न तुकवता पिसे तपासली. धम्माला ‘एहिपस्सिको’, म्हणजे ‘या आणि स्वतः पाहा’ असे म्हणता येण्याजोगा मानतात. पक्षिनिरीक्षणाचीही हीच रीत आहे.

आमचीही एक चूक

कर्नलांची चूक जाणूनबुजून केलेली होती. परंतु नकळत खोटी चिठ्ठी लिहिणेही किती सोपे असते, हे आम्ही स्वतः अनुभवले आहे. निसर्ग मंडळाने एका वर्षी छायाचित्रांचे प्रदर्शन भरवले. काटेपूर्णेच्या जलाशयावर टिपलेली चक्रवाकांची जोडी सर्वांना आवडली. चित्राखाली कॅमेऱ्याने नोंदलेला दिनांक आम्ही जसाच्या तसा लिहिला होता. आठवीतील एक मुलगी बराच वेळ तेथे उभी राहिली आणि म्हणाली, “सर, चक्रवाक तर हिवाळ्यात येतात ना? मग येथे जुलै कसा?”

जुलैमध्ये चक्रवाक लडाख-तिबेटकडे आपली पिल्ले वाढवीत असतो. आम्ही शोध घेतला, तेव्हा उलगडा झाला. कॅमेऱ्याची बॅटरी पूर्णपणे उतरली होती. नवी घातल्यावर त्याचे घड्याळ भलतीच वेळ दाखवू लागले आणि ते दुरुस्त करण्याचे कोणालाच सुचले नव्हते. त्या सहलीची वही आम्ही ठेवली नव्हती. खरा दिनांक आता कळण्याचा मार्ग उरला नव्हता. आम्ही त्या मुलीच्या हाताने चित्राखालील ओळ बदलून घेतली : ‘दिनांक अनिश्चित’. प्रदर्शनातील ती सर्वांत खरी ओळ होती, असे आम्हांला आजही वाटते. तेव्हापासून सहलीला निघण्यापूर्वी कॅमेऱ्याचे घड्याळ जुळवणे हा मंडळाचा पहिला नियम आहे आणि वही हा दुसरा.

त्याच वेळी ‘ओळखता आले नाही’ असे लिहिण्याची सवयही आम्ही लावून घेतली. हिवाळ्यात येणारे पर्णवटवटे इतके सारखे दिसतात, की अनुभवी निरीक्षकही अनेकदा हात टेकतात. तेथे अंदाजाने नाव ठोकून देण्यापेक्षा रिकामी जागा सोडणे हे अधिक प्रामाणिक.

पक्षी कोणाचा?

सिद्धार्थ आणि देवदत्ताची गोष्ट आपल्या घरोघरी सांगितली जाते. डॉ. बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातही ती घेतली आहे. देवदत्ताने बाण मारला, सिद्धार्थाने जखमी पक्ष्याची शुश्रूषा केली आणि निवाडा असा झाला, की पक्ष्यावर हक्क वाचवणाऱ्याचा. छायाचित्रकाराने ही गोष्ट रोज आठवावी. कॅमेऱ्याने रक्त सांडत नाही हे खरे, परंतु त्याने इजाच होत नाही असे मात्र नाही.

घरट्याजवळ वारंवार गेल्याने आई-बाप उडून जातात, अंडी थंड पडतात किंवा उन्हात तापतात आणि कावळ्याला घरट्याचा पत्ता लागतो. चित्र स्वच्छ यावे म्हणून घरट्यासमोरची फांदी मोडणे म्हणजे पिलांचे छप्पर काढणे. म्हणून घरट्यातील पक्ष्याचे छायाचित्र आमचे मंडळ प्रदर्शनात घेतच नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार पक्ष्यांची अंडी वा घरटी यांना उपद्रव देणे हेदेखील शिकारीच्या व्याख्येत येते, हे अनेकांना ठाऊक नसते. अभयारण्यात छायाचित्रणासाठी वनविभागाची परवानगी घ्यावी लागते. मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावणे हाही मोह वाईट. तो आवाज त्याला प्रतिस्पर्ध्याचा वाटतो आणि पिलांना भरवण्याचे सोडून तो भांडायला धावतो.

तणमोराच्या बाबतीत तर ही जबाबदारी अधिकच वाढते. हा पक्षी जगात आज अतिसंकटग्रस्त गणला जातो. पावसाळ्यात काळाभोर नर गवतातून उंच उसळी घेतो. दिवसभरात शेकडो वेळा. या नृत्यावरूनच मादी त्याला निवडते. गवताळ माळ नांगरले गेले आणि त्याची जागा आक्रसली. अकोला-वाशीम भागात ‘संवेदना’ या संस्थेच्या साथीने फासेपारधी बांधवांनी माळराने आणि तणमोर राखण्याचे काम हाती घेतले आहे. पिढ्यान्‌पिढ्या या समाजाकडे गवताचे आणि पक्ष्यांचे जे सूक्ष्म ज्ञान होते, ते शिकारीऐवजी रक्षणासाठी वापरले जात आहे. ज्या समाजाला इंग्रजी राजवटीने जन्मजात गुन्हेगार ठरवले, त्याच्याकडे आज अभ्यासक शिकायला जातात. आपल्या वाचकांना या बदलाचे मोल वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. अशा पक्ष्याचे ठिकाण वहीत लिहावे, पण ते समाजमाध्यमांवर जाहीर करू नये. प्रामाणिक नोंद आणि जाहीर प्रसिद्धी या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आपली नोंद कोठे जाते?

कोणी विचारील, खेड्यातील एका मुलाने वहीत टिपलेल्या पक्ष्याचा जगाला काय उपयोग? याचे उत्तर आता आकड्यांत देता येते. ‘ई-बर्ड’ या व्यासपीठावर जगभरातील निरीक्षक आपली यादी, ठिकाण, दिनांक आणि वेळ यांसह नोंदवतात. संकटग्रस्त पक्ष्यांचे नेमके ठिकाण तेथे झाकून ठेवले जाते. अशाच नोंदींच्या आधारे २०२३ साली भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल तयार झाला. ३० हजारांहून अधिक हौशी निरीक्षकांच्या सुमारे ३ कोटी नोंदी त्यात वापरल्या गेल्या आणि ९४२ जातींचा आढावा घेतला गेला. या निरीक्षकांत शिक्षक, शेतकरी, कारकून, विद्यार्थी सगळे आले.

त्या अहवालातील एक नाव वाचून आम्ही थबकलो. ते नाव नीलकंठाचे. जो पक्षी आपण तारेवर बसलेला सहज पाहत आलो, त्याची संख्या देशात घटते आहे आणि त्याच्या जागतिक स्थितीचे फेरमूल्यांकन व्हावे, अशी शिफारस अभ्यासकांनी केली आहे. दसऱ्याला त्याचे दर्शन शुभ मानतात म्हणून देशाच्या काही भागांत त्याला पकडून, पिंजऱ्यात घालून दाखवण्याचाही प्रकार होत आला आहे. आपला दसरा मात्र निराळा. तो अशोक विजयादशमीचा आणि धम्मचक्र प्रवर्तनाचा. दरवर्षी आपल्यापैकी किती जण त्या सुमारास अमरावती-अकोल्याहून नागपूरच्या दीक्षाभूमीकडे निघतात! बसच्या खिडकीतून किती नीलकंठ तारेवर दिसले, ते कोणत्या गावाजवळ दिसले, एवढे जरी प्रत्येकाने दरवर्षी लिहिले, तरी दहा वर्षांत वऱ्हाडातील नीलकंठाचा एक खरा हिशोब उभा राहील.

दसऱ्यानंतर थोड्याच दिवसांनी पक्षी सप्ताह येतो. चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सलीम अलींचा १२ नोव्हेंबर. या दोन दिवसांमधील आठवडा महाराष्ट्र शासनाने २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून पाळण्याचे ठरवले. त्या आठवड्यात पालकांनी आपल्या मुलांसोबत जवळच्या तलावावर एक तरी पहाट घालवावी. कॅमेरा नसला तरी चालेल. वहीत पाच गोष्टी लिहाव्यात : ठिकाण, दिनांक व वेळ, आकार व खुणा, पक्षी काय करीत होता आणि लोक त्याला काय म्हणतात. नाव कळले तर सहावी ओळ, न कळले तर ती जागा रिकामी.

गेल्या दसऱ्याला एका माजी विद्यार्थ्याने मोबाईलवर एक छायाचित्र पाठवले. चालत्या बसमधून, धुळीच्या काचेतून घेतलेले. पक्षी धूसर, तारही तिरकी. स्पर्धेत ते पहिल्या फेरीतच बाद झाले असते. खाली लिहिले होते : ‘नीलकंठ, एक. तळेगावच्या अलीकडे, सकाळी ७.४०. तारेवरून खाली शेतात उतरला, किडा घेऊन परत वर बसला. सोबतच्या आजी याला ‘तास’ म्हणतात.’

आम्हांला एकही प्रश्न विचारावा लागला नाही. ते छायाचित्र आम्ही मंडळाच्या नोंदवहीत पहिल्या पानावर लावले आहे.